शिडी पाण्याच्या आत किती जाते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या एका तलावावर नौकाविहार सुरू होणार असल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या पानावर वाचली. तिकिटाचा दर दिला होता, बोटी किती ते दिलं होतं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळेल हेही दिलं होतं. सोबत काठाला लागलेल्या चार बोटींचा फोटो होता. तो मी चष्मा लावून, मग चष्म्यावर भिंग धरून पाहिला. एकाही बोटीला शिडी नाही. जॅकेट घातलेला माणूस पाण्यात पडला तर तरंगत राहील, ठीक. पण तो परत बोटीत येणार कसा? पत्र लांबणार आहे, कारण हे मी स्वतःच्या अंगावर काढलेलं आहे.

मी ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवले. कबड्डी, खो-खो, लेझीम, आणि सुट्टीत हौसेने पोहणं. स्वतः पोहायला शिकले ती आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्यामुळे पाण्याची भीती मला कधी नव्हती, आजही नाही. आमचे हे मालवाहू जहाजावर इंजिन विभागात फिटर होते. निवृत्त होऊन दोंडाईच्याला घर बांधलं, पण समुद्र डोक्यातून जाईना. तीन वर्षांपूर्वी मुंबईकडून एक जुनी शिडाची होडी टेम्पोत घालून घेऊन आले. १५ फूट लांब, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडं, मागे अडीच हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन. मिरचीच्या गावात टेम्पोतून होडी उतरली तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली होती. शेजारच्या आजींनी होडीला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "हाई कोठे चालाडशात?"

चालवतो तापीवर. सारंगखेड्याच्या बॅरेजचं पाणी मागे लांबवर तुंबतं, तिथे, दरवाजांपासून पुष्कळ दूर, रीतसर लेखी परवानगी घेऊन. पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडे असतात आणि नदी आपल्या मूळ रागावर येते, तेव्हा होडी आमच्या अंगणात ताडपत्रीखाली. दरवाजे बंद होऊन पाणी थांबलं की आमचा मोसम सुरू. उन्हाळ्याच्या तोंडाला दुपारनंतर पश्चिमेचा वारा खोऱ्यातून असा सरळ येतो की काय सांगावं. साक्रीकडे एवढ्या पवनचक्क्या काही शोभेला लावलेल्या नाहीत.

पण मी पडले ती जानेवारीत, सकाळी साडेआठला, वारा नावालाच असताना. मी थर्मासमधून चहा ओतत उभी होते. होडीत उभं राहू नये हे मला माहीत होतं. वारा मागून होता. तो जरासा फिरला आणि शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला झपकन आलं. शिडाच्या खालची आडवी काठी, हे तिला बूम म्हणतात, दिसली म्हणून मी वाकले, पाय घसरला, आणि थर्माससकट पाण्यात. डोक्याला लागलं नाही. अंगावर जॅकेट होतं. चार हात मारून होडीशी आले, काठ धरला. हे वरून म्हणाले, "हात दे."

इथून पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही.

होडीचा काठ पाण्यापासून दीड फूट उंच. दीड फूट म्हणजे काय, आपल्या घराच्या दोन-तीन पायऱ्या! शाळेच्या सहलीत टाकीच्या कठड्यावर हात रोवून मी शंभरदा वर आले असेन. पण तो कठडा पाण्याला लागून असतो आणि जागेवरून हलत नाही. होडीचा काठ धरून जोर लावला की होडी माझ्याकडेच कलते. वर जॅकेट छातीशी फुगलेलं, ते काठाला अडतं. पाण्यात असेपर्यंत आपण कापसासारखे असतो. अंग जसजसं बाहेर येईल तसतसं सगळं वजन परत अंगात शिरतं, आणि भिजलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये साठलेलं पाणी त्यात आणखी. माझं वजन ६४ किलो. ह्यांचं वय ६८, एक गुडघा बदललेला. ते मला काखेत धरून ओढत होते, होडी कलत होती, काठावरून पाणी आत येत होतं. दोनदा मीच ओरडले, "सोडा, नाहीतर तुम्ही पण येणार!"

मग ह्यांनी दोरीचा फास करून खाली सोडला, पायरीसारखा. पाय घातला, जोर दिला, तर पाय होडीच्या पोटाखाली गेला आणि मी उताणी. तीन वेळा केलं, तीनदा तेच झालं. बोटं बधिर व्हायला लागली होती. धुळे-नंदुरबारची जानेवारी कशी असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

काठ तसा लांब नव्हता, पन्नास-साठ हात असेल. पण तापीच्या दरडी ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल. उभी मातीची भिंत, तळाशी गुडघाभर चिखल. तिथे जाऊन करणार काय?

शेवटी जाळं काढायला निघालेला एक भाऊ आपली चपटी नाव घेऊन आला. लांबूनच ओरडला, "ताई, मांगथून या! आठून नाव उलटी व्हई जाई!" मी मागच्या बाजूला गेले. त्याने आपली नाव आमच्या होडीला लावली, होडीची मागची बाजू हाताने दाबून खाली केली, ह्यांनी जॅकेटचे पट्टे धरले, आणि डबक्यातून म्हैस निघावी तशी मी पोटावर सरकत आत आले. पोरांना पोहायला शिकवणारी बाई!

घरी आल्यावर पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांशी जपून बोललो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, शिडी लावल्याशिवाय मी होडीत पाय ठेवणार नाही.

इथे ह्यांचा जहाजाचा अनुभव आडवा आला. ते म्हणाले, दोरीची शिडी पुरे. मोठ्या जहाजावर बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, अशाच शिडीने चढतो, दोन दोर आणि मधे लाकडी पायऱ्या, मी रोज बघितलंय. आणली. गुंडाळली की पिशवीत मावते, स्वस्तही. नदीवर बांधून पाहिली, तर फासाचं झालं तेच झालं. जहाजाची बाजू भिंतीसारखी सरळ असते, शिडी तिला चिकटून राहते, शिवाय गरगर फिरू नये म्हणून तिच्यात मधेमधे लांब फळ्या घातलेल्या असतात. आमच्या होडीचं पोट खाली आत वळतं. शिडीला टेकायला काही नाही, पाय आत जातात, पाठ पाण्यात जाते. आणि मी ह्यांना विचारलं, तुमचा पायलट पाण्यातून येतो की दुसऱ्या बोटीतून? त्यावर काही वेळ शांतता होती. पायलट कोरड्या कपड्यांत, बोटीच्या डेकवरून शिडीवर पाय ठेवतो. आमचा प्रश्नच वेगळा होता.

मग आकड्यांनी काठावर अडकवायची तयार शिडी मागवली. दिसायला चकचकीत, तीन पायऱ्या. अडकवली तेव्हा दोन पायऱ्या पाण्याच्या वर आणि एक पाण्याखाली जेमतेम चार बोटं. पाण्यात उभं राहून तेवढ्या उंचीवर पाय टाकायचा म्हणजे गुडघा हनुवटीला लावावा लागतो. विशीत जमेल. शिवाय ती होडीच्या बाजूला अडकवायची, म्हणजे परत होडी कलणार. मोठ्या जड बोटीला बाजूची शिडी चालते. आमच्यासारख्या हलक्या होडीला मागून चढणंच बरं, हे त्या मासेवाल्या भावाला शिकवायला कोणी लागलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की आधी माप घ्यायचं. खेळाच्या शिक्षकाला टेप आणि शिट्टी मिळाली की बाकी काही लागत नाही. होडी घाटाजवळ खोल पाण्यात बांधली, एक फळी दोन दोऱ्यांनी मागच्या बाजूला टांगली आणि दोऱ्यांवर नेलपॉलिशने फुटांच्या खुणा केल्या. मी पाण्यात, हे वर. फळी पाण्याखाली एक फूट असताना पाय पोचतो पण जोर बसत नाही. दीड फुटावर बसतो, धडपडून. दोन फुटांवर ठेवली आणि मी आपल्या ओट्यावर चढावं तशी पायरीवर उभी राहिले. माझ्या बहिणीला आणि तिच्या नातवालाही चढायला लावलं. बहिणीलाही दोन फूटच सोयीचं पडलं. नातू कशावरूनही चढतो, त्याचं सोडा. पुढे मुलाने शोधून सांगितलं की अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या मानकात सगळ्यात खालची पायरी पाण्याखाली निदान २२ इंच असावी असं आहे. माझं नेलपॉलिश दोन इंचांनी चुकलं, तेही चांगल्या बाजूला.

शिडी विकत घेताना लोक एकूण लांबी बघतात, पायऱ्या मोजतात. पाण्याच्या वरच्या पायऱ्या मोजून उपयोग काय? चढणाऱ्याला पहिली पायरी लागते ती पाण्याच्या आत. आमच्या आजोळच्या विहिरीत बांधकामातून बाहेर काढलेले दगड थेट तळापर्यंत होते, पाणी कितीही असो, पायाखाली दगड लागायचाच. ते बांधणाऱ्या गवंड्याने कुठलं मानक वाचलं होतं?

शिडी शेवटी गावातल्याच एका फॅब्रिकेशनवाल्या भाऊंकडून करून घेतली. ते खिडक्यांचे ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतात. होडीची शिडी म्हटल्यावर त्यांना एवढं हसू आलं की आधी चहा मागवला. पण काम मन लावून केलं. एक इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप, चार पायऱ्या, मधून घडी होणारी, आर्गन वेल्डिंग. स्टील ३०४ नंबरच्या जातीचं घेतलं. समुद्रात न्यायची असती तर ३१६ घ्यावं लागलं असतं. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, म्हणून खाऱ्या पाण्यात ते टिकतं, आणि महागही पडतं. तापीच्या गोड्या पाण्याला ३०४ भरपूर झालं. पायऱ्या आधी गोल पाइपच्याच केल्या होत्या. अनवाणी, ओल्या तळव्याने, सगळं वजन एका पाइपवर टाकून बघा, डोळ्यांत पाणी येतं. त्यावर दोन इंच रुंद चपट्या पट्ट्या लावून खरखरीत रबर चिकटवलं. रुंदी एक फूट ठेवली, दोन्ही पाय शेजारी मावले पाहिजेत.

कुठे बसवायची यावरून आमच्यात पुन्हा वाद. होडीच्या मागच्या फळीवर मधोमध सुकाणू आहे, उजवीकडे इंजिन. राहिली डावी बाजू. तिथे चढलं की होडी थोडी डावीकडे बसते, म्हणून आतल्या माणसाने उजवीकडे सरकून बसायचं. आणि कोणी पाण्यात असेल तर इंजिन आधी बंद. नुसतं न्यूट्रल चालणार नाही, बंदच. पंखा शिडीपासून हातभर अंतरावर असतो.

भाऊ मागच्या फळीवर शिडी आपल्या नेहमीच्या स्क्रूंनी बसवणार होते. ह्यांनी हात धरला. ६४ किलोचं माणूस शिडीला लोंबकळतं तेव्हा वरचे स्क्रू बाहेर उपटले जातात, खिळा उपटतो तसे. म्हणून आरपार बोल्ट, आतून स्टीलची पट्टी, आणि प्रत्येक भोकात सीलंट भरून. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन नको, पाण्याखाली टिकणारं पॉलियुरेथेनचं.

आणखी एक गंमत पहिल्याच चाचणीत कळली. भाऊंनी पाइपची तोंडं झाकण लावून अगदी छान बंद केली होती. शिडी पाण्यात सोडली तर खालचा घडीचा भाग तरंगून वर यायला लागला! पाइपात हवा. दोन्ही बाजूंना भोकं पाडली, पाणी आत शिरलं, शिडी खाली जाऊन गप्प उभी राहिली. दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी शिडी मी मुद्दामच टाळली. तापीचा गाळ म्हणजे मैदा. त्या नळ्यांत गाळ बसून शिडी अडकली तर ती बरोबर मी पाण्यात असतानाच अडकणार, याबद्दल मला शंका नाही.

पण खरी चूक आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. शिडी तयार झाली, दुमडून उभी केली की हलू नये म्हणून भाऊंनी तिला सुबक कडी लावली. दरवाजाला असते तशी, आतल्या बाजूने. मी हौसेने पाण्यात उतरले. होडीमागे आले. वर पाहिलं. शिडी वर, कडी आत, मी बाहेर. भाऊ काठावर उभे होते. मी म्हटलं, "भाऊ, घरात कोणी नसताना मला बाहेर काढून आतून कडी लावली तुम्ही." त्यांनी कपाळावर हात मारला.

आता कडी नाही. शिडी एका दोरीच्या सुरगाठीने बांधलेली असते, त्या दोरीला लाकडाची मूठ आहे आणि ती पाण्याला टेकेल इतकी खाली लोंबते. पाण्यातून ओढली की गाठ सुटते आणि शिडी उघडून खाली येते. युरोपात होड्यांसाठी २०१३ साली जी नियमावली झाली तिच्यात हेच लिहिलेलं आहे असं मुलाने दाखवलं: परत चढायची सोय पाण्यातल्या माणसाला कोणाच्याही मदतीशिवाय हाताशी लागली पाहिजे, नाहीतर त्याला ती स्वतः उघडता आली पाहिजे. कोणाच्याही मदतीशिवाय, हे शब्द मला पटले. कारण होडीत कधी हे एकटेच असतात. ते पडले तर "हात दे" म्हणणारं वर कोणी नसेल.

सगळा खर्च पाच हजारांच्या आत आला, चहा धरून.

या पत्राचा शेततळ्यांशी संबंध नाही असं कोणी म्हणेल, पण आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली, त्यानंतर आमच्या तालुक्यातही किती शेतांत तळी झाली. चांगलं झालं. पण त्यांच्या उतरत्या बाजूंवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि आत पडलेलं पोर, कितीही पोहता येत असलं, तरी त्या कागदावरून वर येऊ शकत नाही. हाताला काही लागतच नाही. माझ्या होडीचीच गोष्ट, फक्त तिथे सुटका करायला नाववाला भाऊ येत नाही. कोपऱ्यात खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवायला, किंवा जुने टायर एकाला एक बांधून उतारावर टाकायला काय लागतं? आमच्या भाच्याच्या शेतात आम्ही चारही बाजूंना दोर सोडलेत. दर हंगामात बदलायचे, उन्हाने सडतात.

तर संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी आपला वार्ताहर अशा तलावावर जाईल तेव्हा त्याने बोटवाल्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. शिडी आहे का? ती पाण्याच्या आत किती जाते? आणि पाण्यातल्या माणसाला ती स्वतः सोडता येते का? उत्तरं छापा. जॅकेट दिलंय, असं उत्तर आलं तर त्या बोटवाल्याला जॅकेट घालून पाण्यात उतरायला सांगा, आणि फोटोग्राफरला थांबायला सांगा.

त्या जाळेवाल्या भाऊंना आम्ही नव्या शिडीवरून चढून दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी शिडीची पायरी हाताने दाबून पाहिली, सुरगाठ दोनदा सोडून पाहिली आणि म्हणाले, "ताई, मन्ही नावले बी एक बनाडी द्या." माप घेऊन आले आहे. त्यांच्या नावेचा काठ आमच्यापेक्षा बराच खाली आहे, तीन पायऱ्यांत काम होईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
दोंडाईचा, जि. धुळे